मधोमध घेतलेलं घर

नवऱ्याची नोकरी नांदेडला, एका कॉलेजच्या ऑफिसात. माझी लातूरला, दवाखान्याच्या लॅबमध्ये. लग्नानंतर कितीतरी वर्षं आमचा संसार रविवारपुरताच होता आणि मुलगी माझ्याजवळ भाड्याच्या खोलीत वाढत होती. घर घ्यायचं ठरलं तेव्हा तो म्हणाला नांदेड, मी म्हटलं लातूर. मी हट्टी, तो माझ्याहून हट्टी. घरात बोलणं बंद झालं.

शेवटी मुखेडहून सासरे आले. गावातल्या भावाभावांच्या जमिनी वाटून देण्यात त्यांची निम्मी हयात गेलेली. चहा संपवून त्यांनी निकाल दिला, "कुणाकडंच झुकतं माप नगं. मधोमध घ्या. अहमदपूरला बघा."

वाटणी चोख झाली म्हणून आम्ही खूश. येडे कुठले! शेताची वाटणी झाली की दोघांच्या हाती काहीतरी येतं. इथं दोघांच्याही वाट्याला नुसता प्रवास आला, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत.

घर दाखवणारा एजंट सारखा एकच धोशा लावत होता, "रोडटच हाय मॅडम. दारातनं पाय काढला की गाडी." मी बोअरचं पाणी पिऊन बघितलं, नवऱ्याने कागदपत्रं बघितली. मुलीची शाळा सुटेल तेव्हा घरात कोण असेल, हे कुणीच बघितलं नाही.

सकाळी तो हायवेच्या एका बाजूला उभा राहायचा, मी दुसऱ्या. ज्याची गाडी आधी येईल तो हात हलवून जायचा. संध्याकाळी दोघंही इतके पिळून निघालेले असायचो की कोण जास्त दमलं यावरच भांडण व्हायचं. शाळेतून आलेली मुलगी तोवर शेजारच्या चाचींकडे. चाची ब्लाउज शिवायच्या, तिला उरलेल्या चिंध्या खेळायला द्यायच्या. त्या होत्या म्हणून आमचं निभत होतं.

एक दिवस त्या दारात येऊन म्हणाल्या, "कल मैं देगलूरकू जारी, शादी है. बेटीकू देख लेना." आम्ही दोघांनी मान हलवली. मग मी म्हटलं, तुम्ही लवकर या. तो म्हणाला, तूच ये ना. लांब तर दोघांनाही सारखंच. शेवटी ठरलं की ज्याला आधी सुटता येईल त्याने यायचं. म्हणजे काहीच ठरलं नाही.

आणि नेमका दुसऱ्या दिवशी ठिकठिकाणी रास्ता रोको. माझी गाडी चाकूरजवळ अडकली. फोन केला, "अहो, पोचलात ना?" पलीकडून उत्तर आलं, "मी लोह्यातच हाय. मला वाटलं तू पोचलीस." शाळेला फोन लावला, तर शाळा कधीच सुटलेली. चाचींच्या दाराला कुलूप असणार. आमच्याही.

मी ड्रायव्हरशी भांडले, कंडक्टरशी भांडले. रस्ता मोकळा झाला आणि तुंबलेली सगळी वाहनं एकदम सुसाट सुटली, तेव्हा मला केवढं हायसं वाटलं! "पळवा हो, पळवा," मी मोठ्याने म्हणत होते.

घराजवळ गाडी थांबली आणि मला ती दिसली. युनिफॉर्ममध्ये, पाठीवर दप्तर, चौपदरी हायवेच्या मधल्या दुभाजकावर उभी. दोन्ही अंगांनी ट्रक चालले होते. मी ज्यांना पळवा पळवा म्हणत होते, तीच वाहनं तिचा फ्रॉक उडवत जात होती. तिने मला बघितलं आणि हसून हात हलवला. मी किंचाळले, "हलू नको! जागची हलू नको!"

मी तिच्यापर्यंत कशी पोचले ते आजही आठवत नाही. समोरून नुकताच गाडीतून उतरलेला नवरा धावत आला. त्याने तिला कवटाळलं आणि आम्ही दोघंही रडायला लागलो. मी तिला गदागदा हलवून विचारलं, "इथं का येऊन थांबलीस गं?"

तिला आमच्या रडण्याचं नवल वाटत होतं. म्हणाली, "आज कोण येणार ते मला कुणी सांगितलंच न्हाई. इथून दोघांच्या बी गाड्या दिसतात."