गॅलरीतले ढवळेअण्णा

ढवळेअण्णा गेल्याचं सकाळी फोनवर कळलं, आणि खरं सांगतो, वाईट वाटायच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. आता ते माझ्यासमोर येऊन बसणार नव्हते... मग मात्र दिवसभर नारायण पेठेतल्या घराच्या खिडकीशी नुसता बसून राहिलो. माजी आमदाराला बसायला वेळच वेळ असतो.

अण्णा वारज्याचे, माझे मतदार. पाटबंधारे खात्यातली सारी नोकरी खडकवासल्याच्या कालव्यावर गेली, आणि त्यांच्या स्वतःच्या गल्लीत नळ नव्हता. दर रविवारी माझ्या कार्यालयात यायचे, "जयभीम, साहेब" म्हणून खुर्चीवर टेकायचे. बदली नको, शिफारस नको. गल्लीला नळ, एवढंच. टँकर आला की बायका कशा धावतात ते इतक्या शांतपणे सांगायचे की मलाच तहान लागायची.

त्या वर्षांत सगळं शहर अर्धवट झोपेत स्वप्न बघत असल्यासारखं होतं. ज्वारीच्या शेतात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, ज्याच्या त्याच्या तोंडी संगणक. मीही त्यातच तरंगत होतो. एका अधिवेशनात मी अण्णांच्या गल्लीचा प्रश्न लावला, त्याचा दिवसही ठरला. मुंबईला या, विधानसभेच्या गॅलरीत बसून ऐका, असं मोठ्या तोऱ्यात सांगून त्यांना पास दिला. आणि नेमकं त्याच दिवशी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या उद्घाटनाचं बोलावणं आलं. मंत्री येणार, फोटो छापून येणार... गेलो. अशा वेळी आपल्या वतीने प्रश्न विचारायला कुणाला तरी सांगून ठेवायचं असतं. तेही राहिलं.

सभागृहात मी इतकी वर्षं बसलो, पण दुपारी डोळा लागला की दिसतो तो हाच दिवस, जेव्हा मी तिथे नव्हतोच. आणि दिसतो तोही वरून, गॅलरीतून. अध्यक्ष माझं नाव पुकारतात. खाली माझा बाक रिकामा. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले अण्णा जरा पुढे सरकून मला शोधतात... मग पुढचा प्रश्न. मिनिटभरही लागलं नसेल.

रविवारी ते आले. खोचक ऐकून घ्यायची मी तयारी ठेवली होती. पुण्यात राजकारण केलं की कातडी तेवढी जाड होते. पण अण्णा काळजीने म्हणाले, "नाव पुकारलं, आपण दिसला नाहीत. म्हटलं, तब्येत बिघडली की काय?"

"हो, ताप होता," मी म्हणालो.

समोर टेबलावर पेपर पडला होता. त्यात फीत कापताना मी, सगळे दात दाखवत. अण्णांनी तो उचलला, फोटो आत जाईल अशी घडी घातली आणि विश्रांती घ्या म्हणून निघाले. त्यानंतरही रविवार चुकवले नाहीत. नळाचं मात्र पुन्हा बोलले नाहीत, आणि मीही लाजेपोटी तो प्रश्न परत लावला नाही. पुढच्या निवडणुकीत त्या गल्लीने मला भरभरून मतं दिली. नळ आणला तो माझ्यानंतरच्याने. येत्या रविवारी खरं सांगून टाकू, असं म्हणत म्हणत राहून गेलं.

अण्णांच्या घरी पुण्यानुमोदनाला, त्यांच्या आठवणीच्या वंदनेला गेलो. मंडळी पांगल्यावर अण्णांच्या मुलीला, सुजाताला म्हटलं, "त्या दिवशी मला ताप नव्हता."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "गल्ली तेव्हा खवळली होती. बाबांनीच घरोघर जाऊन सांगितलं, साहेब आजारी होते म्हणून. खरं फक्त मला सांगितलं. म्हणाले, एकदा चुकले असतील, पुढच्या अधिवेशनात उभे राहतील."

मला तहान लागली, पाणी मागितलं. स्वयंपाकघरात ओट्याखाली हंडे, पातेली, बादल्या, सगळं काठोकाठ. नळ येऊन इतकी वर्षं झाली तरी बाबा रोज सकाळी भरून ठेवायचे, ती म्हणाली. आता ती ठेवते. नळ हाताशीच होता. तिने हंड्यात पेला बुडवला आणि मला दिला.