मिसरच्या मुडद्याचा दहावा

पवनेकाठच्या कावळ्यांचा अख्ख्या कासारवाडीत एकाच माणसावर विश्वास होता, आणि तो म्हणजे माझे मामा. कुणाचा दहावा असला आणि पिंडाला कावळा शिवेना, की माणसं मामांना बोलावत. मामा येत, फेटा सारखा करत, पिंडाकडे बघत उभे राहत आणि गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते ओळखून खड्या आवाजात वचन देत. एका म्हाताऱ्याच्या मुलांनी आईला सांभाळू, बहिणीचं लग्न करू, सगळं कबूल केलं, कावळा ढिम्म. मामा म्हणाले, "म्हातारबा, तुमची म्हैस कोन इकत न्हाई!" कावळा झपकन खाली. म्हशीचा सौदा आदल्याच दिवशी ठरला होता, हे नंतर कळलं. वचन दुसऱ्याच्या वतीने द्यायचं असल्यामुळे मामांचा हात जरा सढळच असे. एका सासूची नथ त्यांनी अशीच परस्पर धाकट्या सुनेला देऊन टाकली. थोरली अजून त्यांना बघून पदर झटकते. पिंपरीत नवा कारखाना उभा राहत होता, तिथे मामा कामाला होते. अर्धी सुट्टी मागायला गेले की मुकादम विचारी, "काय मामा, आज कुणाचा कावळा?"

घरचा एक कावळा मात्र त्यांना आणता आला नव्हता. थोरले मामा पलटणीत होते. महायुद्धात मिसर देशाच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटात गेले ते तिथेच राहिले. त्यांच्या दहाव्याला मामांनी उन्हं कलेपर्यंत वचनं दिली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. विधी झाला, पण मामांचं मन मानेना. तो दर्भाचा कावळा नदीत न सोडता त्यांनी घरी आणून आढ्याला खोचून ठेवला. म्हणाले, "खरा शिवंल तवा ह्याला सोडीन."

मी आमच्यातला कॉलेजात गेलेला पहिलाच. त्यामुळे मला इंग्रजी येतं अशी मामांची समजूत होती, आणि ती मोडायचा मला धीर नव्हता. पुण्यात एका मिसरी मुडद्याचा इंग्रजी सिनेमा लागलाय, असं मी बोलून गेलो मात्र, मामा फेटा बांधायला लागले. "मिसर दावत्यात? मग जायाच पायजे."

पडद्यावर साहेब लोकांनी थडगं फोडलं आणि पट्ट्यांत गुंडाळलेला मुडदा उठून एका पोरीपायी एकेकाचा गळा धरू लागला. थेटरात किंकाळ्या. मामा ताडकन उभे राहिले. "अरं ए सायबा, पळतुयास काय! इचार की त्याला, काय ऱ्हायलंय म्हनून!"

"ओ पाव्हणं, फेटा खाली घ्या, मुडदा दिसंना!" मागून कुणीतरी ओरडलं.

परतीच्या गाडीत मामांनी फेटा उतरून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "ह्याचा दहावा झाल्याला न्हाई."

"मामा, तो नट असतो. नुसत्या पट्ट्या गुंडाळलेला."

"नट आसंल. पर वाळू? वाळू तर तितलीच न्हवं?"

मला खरंच माहीत नव्हतं. "तिथलीच असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी नदीवर पिंड मांडला. कॉलेजातलं कुणी आसपास नाही ना, हे बघून मी शेजारी उभा राहिलो. कावळे बाभळीवर बसून होते.

"तुजं थडगं आता कोन फोडत न्हाई!" कावळे हलले नाहीत. "ती पोरगी तुला मिळंल!" मग माझ्याकडे वळून हळूच, "मिळती का रं, भाचेबुवा?"

"नाही मामा. ती साहेबाबरोबर गेली."

"मग ती बात ऱ्हाऊ दे, बाबा," म्हणून त्यांनी वचन मागे घेतलं. मग ते पिंडापुढे उकिडवे बसले. नंतर बोलले ते अगदी खालच्या आवाजात. "हे बग, तू तितला हायेस. माजा दादा बी तितंच वाळूत हाय. त्याला वाट गावत नसंल. जाताना त्येला संगं घे. दोगं मिळून जावा."

एक कावळा उतरला, उड्या मारत आला आणि त्याने पिंडात चोच घातली.

एरवी मामा "शिवला!" म्हणून नदीपल्याड ऐकू जाईल असं ओरडत. त्या दिवशी ओरडले नाहीत. फेट्याच्या घडीतून त्यांनी दर्भाचा कावळा काढला. निघतानाच त्यांनी तो आढ्यावरून काढून घेतला असावा. पाण्यात सोडल्यावर तो वळणापर्यंत दिसत राहिला.

घरी येताना मामा म्हणाले, "त्या सायबांस्नी एक कागद टाक. म्हनावं, आता भ्याऊ नगा. गेला त्यो."

मी हो म्हणालो. आता इंग्रजी मला बऱ्यापैकी लिहिता येतं. पण कावळा शिवला, हे साहेबाला कसं कळवावं, तिथेच तो कागद अजून अडला आहे.