आक्का, कुंदा आणि खंड्याचा दाखला

आक्का गेल्याचं आम्हाला कळलं ते ती जाऊन बरेच दिवस झाल्यावर. मोंबाशाचं टपाल आगबोटीच्या चालीने येतं आणि तार करायचं श्रीपादरावांना सुचलंच नाही. श्रीपादराव म्हणजे माझे मेहुणे. मी शाळेत शिकवायला निघालो होतो, तेवढ्यात पोस्टमनने पाकीट हातात ठेवलं. मोंबाशाहून येणाऱ्या पाकिटावर पत्ता नेहमी आक्काच्या हातचा असायचा, मोठ्या, उजवीकडे चढत जाणाऱ्या अक्षरांत. या वेळी अक्षर श्रीपादरावांचं होतं. पाकीट न फोडताच मी पायरीवर बसलो. आतून बायको म्हणाली, "अहो, उशीर होतोय ना?"

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनेच मला वाढवलं. तिचं लग्न झालं, आणि पुढे श्रीपादराव आफ्रिकेत मोंबाशाला रेल्वेच्या कचेरीत नोकरीला गेले. कुंदा जरा मोठी झाली की माय-लेकींनी तिकडे जायचं, असं ठरलं होतं. तोवर त्या दोघी नाशकात माझ्याकडे राहत होत्या. कुंदा धावायला लागली होती आणि अशातच तिला ताप आला. ताप उतरला, पण पायांतली ताकद घेऊन गेला. वैद्य झाले, डॉक्टर झाले, तेलं झाली. पोर जमिनीवरून ढुंगण घासत सरकायची आणि आक्का तिच्याकडे न बघता स्वयंपाक करायची. बघितलं तर रडू येईल म्हणून.

खंड्या आमच्या परसात वाढलेला गावठी कुत्रा. अंगाने वासरासारखा, स्वभावाने गाईसारखा. एक दिवस कुंदाने त्याच्या मानेची कातडी मुठीत धरली आणि तो उठला. त्याच्याबरोबर तीही उठली. आक्का दारात उभी होती. मी बाहेर आलो तर ती तोंडावर पदर धरून उभी, आणि तुळशीपाशी पोर कुत्र्याला धरून लटपटत उभी! त्यानंतर कुंदा चालली ती खंड्याला धरूनच. माझं बोट दिलं, काठी दिली, लाकडी गाडा करून दिला. छे! खंड्या नसला की ती खाली बसायची आणि उठायचं नाव घ्यायची नाही.

अशात श्रीपादरावांचं पत्र आलं. त्यांना तापाने घेरलं होतं, पाणी द्यायला घरात कुणी नव्हतं, आता या. आक्काने त्याच दिवशी उत्तर लिहायला घेतलं: येतो, तिघं येतो. तिसरा कोण, हे कळल्यावर मेहुण्यांनी डोक्याला हात लावला असेल. तरी त्यांनी तिकडे चौकशी केली आणि कळवलं, की कुत्रा आणायचा तर इथल्या सरकारचा परवाना लागतो. तो मी काढतो, पण त्यासाठी नाशकातल्या सरकारी गुरांच्या डॉक्टरचा दाखला हवा. कुत्रा निरोगी आहे, आणि तो राहतो त्या भागात ठरावीक महिन्यांत पिसाळलेलं जनावर आढळलेलं नाही, असा.

आम्ही खंड्याला घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेलो. बैल, म्हशी, टांग्याची घोडी यांच्या गर्दीत नऊवारी नेसलेली आक्का कुत्र्याची दोरी धरून उभी. लोक बघत होते. डॉक्टर बरे गृहस्थ होते. त्यांनी खंड्याचे दात, डोळे, कान पाहिले आणि लिहिता लिहिता विचारलं, "जात काय लिहू?"

"गावठी," मी म्हणालो.

"गावठी लिहा," आक्का म्हणाली, "पण गुणी लिहा."

डॉक्टर हसले. त्या दिवशी आम्हीही हसलो. आमच्या भागातल्या चौकशीचं तेवढं राहिलं होतं, ते आठवड्याभरात होईल म्हणाले. त्याच आठवड्यात पंचवटीत एक कुत्रं पिसाळलं, चार माणसांना चावलं आणि आमच्या बाजूला येऊन मेलं. दाखला बुडाला. मोकाट कुत्री मारायला माणसं फिरू लागली. आक्काने खंड्याला माजघरात बांधलं आणि दाराशी स्वतः बसली. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेली.

"बाई, कुत्रा निरोगी आहे, हे मी आत्ता लिहून देतो," ते म्हणाले. "पण या भागात पिसाळलेलं जनावर नाही, असं कसं लिहू?"

"मग कुठे नाही, ते सांगा," आक्का म्हणाली. "तिथे जाऊन राहते."

डॉक्टरांना वाटलं, बाई रागाने बोलतेय. पण ती खरोखरच गेली. नाशकापासून लांब, देवळ्याला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई शेतावर एकटी राहत होती, भागाबाई. कांद्याच्या वावराशेजारी तिची दोन खोल्यांची जागा होती. मोटारवाला कुत्र्याला घेईना, तेव्हा शेवटचा टप्पा आम्ही बैलगाडीने केला. भागाबाईने कुंदाकडे पाहिलं, खंड्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आठे पिसायेल कुत्रं नही शे, माय. तू बिनघोर ऱ्हाय." डॉक्टरांचा दौरा त्या बाजूला असायचा. कुत्र्याने तिथे राहायची ती महिन्यांची मुदत पुरी झाली की तिथेच येऊन दाखला देईन, असं त्यांनी कबूल केलं होतं.

मी सुटीत जायचो. आक्का काळवंडली होती, हात कांदे काढून खरखरीत झाले होते, पण कुंदा बांधावरून चालायची... श्रीपादरावांची पत्रं मी नाशकाहून नेऊन द्यायचो. ती दर वेळी अधिक कडू होत होती. एकात त्यांनी लिहिलं होतं, नवरा हवा की कुत्रा, ते एकदा ठरव. आक्काने ते मला वाचायला दिलं आणि माझ्यासमोरच उत्तर लिहिलं: 'मी कुत्रा आणत नाही. कुंदाचे पाय आणते आहे. तोवर आपण जपावे.' लिहून झाल्यावर मात्र तिने लेखणी खाली टाकली. "ते तिकडे एकटे मेले तर रे?" ती म्हणाली. "मी काय करू, बाळ? सांग ना. मी काय करू?" मी शाळामास्तर. इतरांना उत्तरं सांगतो. इथे मी पडलेली लेखणी उचलून पुसत बसलो.

मुदत संपायला आली, बोटीचं ठरलं, आणि एका पहाटे वावरात कोल्हा शिरला. खंड्या त्याच्या अंगावर गेला. परत आला तेव्हा कान फाटलेला होता. कोल्हा पिसाळलेला होता की साधा, कुणी सांगावं? तो पळून गेला होता. मी त्या वेळी तिथेच होतो. जखम लहान होती. डॉक्टर येईपर्यंत ती भरली असती आणि केसांत दिसलीही नसती. भागाबाई तसं म्हणालीसुद्धा. आक्काने कुंदाला उचललं, घरात नेलं आणि खंड्याला लांब बाभळीला साखळीने बांधलं. "पत्र टाक डॉक्टरांना," ती मला म्हणाली. "कोल्हा चावला म्हणून लिही."

"आक्का, बोट जाईल."

"जाऊ दे." तिने साखळीची कडी पुन्हा ओढून पाहिली. "पोर दिवसभर त्याच्या गळ्यात असते रे..."

डॉक्टरांनी येऊन जखम डागली. मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. त्या काळाइतका वाईट काळ मी पाहिलेला नाही. कुंदा दारापर्यंत सरपटत यायची आणि "खंड्या, खंड्या" म्हणून आक्रोश करायची. तो साखळीला हिसके देऊन रडायचा. त्याची भाकरी आक्का लांब काठीने सरकवायची आणि मग तिथेच बसून त्याच्याकडे टक लावून बघायची. पाणी पितो का? लाळ गळते का? नजर कशी आहे? तो कण्हला तरी ती उठून बसायची. एकदा भर दुपारी तिचा हात माझ्या हाताला लागला तर चटका बसला. तिला ताप होता. विचारलं तर म्हणाली, "उन्हाचा आहे." डॉक्टर कुत्र्याला तपासायला आले तेव्हाही तिने स्वतःबद्दल चकार शब्द काढला नाही. आणि इकडे कुंदाचे पाय पुन्हा काडीसारखे होत चालले होते. आक्काने देवाचं नाव घेणं सोडलं होतं. "आता त्याला काही सांगायचं उरलं नाही," ती म्हणाली.

खंड्याला काही झालं नाही. डॉक्टरांनी शेवटची तपासणी केली, बाजेवर बसून दाखला लिहिला, आणि आक्काच्या हातात देताना ते उभे राहिले. सरकारी माणूस एका बाईसाठी उभा राहिलेला मी त्या आधी पाहिला नव्हता. साखळी सोडली तेव्हा खंड्या सरळ कुंदाकडे गेला. पण ती उठू शकली नाही. पडली, पुन्हा धरलं, पुन्हा पडली. आक्का नुसती बघत होती. उठायला कुंदाला पुढे बरेच दिवस लागले.

मुंबईच्या गोदीत शेवटी एका साहेबाने सगळे कागद उलटसुलट पाहिले आणि दाखल्यावरच्या एका शिक्क्याबद्दल शंका काढली. आक्काला इंग्रजी येत नव्हतं. तिने कुंदाला खाली ठेवलं आणि खंड्याला तिच्याजवळ नेलं. पोर त्याची मान धरून उठली आणि साहेबाच्या टेबलापर्यंत चालत गेली. साहेबाने शिक्का मारला. दया आली की मागची रांग वाढली म्हणून, देव जाणे. बोटीच्या शिडीवर आक्का सरळ चढलीच नाही. खंड्याला धरून मागे येणाऱ्या लेकीकडे तोंड करून, हात पसरून, एकेक पायरी उलटी चढत गेली. तेच माझं शेवटचं पाहणं.

तिकडे ती जेमतेम वर्षभर राहिली. पत्रांतून कळायचं, मेहुणे बरे आहेत, कुंदा शाळेच्या फाटकापर्यंत जाते, खंड्याला तिकडचं ऊन सोसत नाही. स्वतःचा ताप उलटून उलटून येतो, हे तिने कधीच लिहिलं नाही. ते श्रीपादरावांनी लिहिलं, सगळं झाल्यावर. कुत्र्याला रोग नाही, हे सिद्ध करायला जी बाई रानात जाऊन राहिली, तिने स्वतःची नाडी कुणाला दाखवली नाही! याचा राग कुणावर काढू? त्याच पत्रात त्यांनी लिहिलं आहे, की आक्काला नेलं तेव्हा कुंदा खंड्याला धरून रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेली. तिथून तिला परत आणावं लागलं. ती अजून सकाळ-संध्याकाळ त्या वळणापर्यंत जाऊन उभी राहते.

आमच्या परसदाराला खाली एक कडी आहे. माय-लेकी इथे होत्या तेव्हा आक्का ती लावू द्यायची नाही. कुंदा आणि खंड्या दोघं मिळून दार ढकलून आत यायची, म्हणून. त्या गेल्यावरही ती सवय घराला लागून राहिली. पत्र आल्यानंतर बायकोने पहिल्यांदाच ती कडी लावली; परसात मांजरं शिरतात, तिचंही बरोबर आहे. पण संध्याकाळी पाय धुऊन आत येताना माझा हात आपोआप खाली जातो आणि कडी काढतो. बायको बघते. ती आता पुन्हा लावत नाही.