खटक्यापाशी बसलेली दगडाबाई

दगडाबाई सुप्याची, कोरडवाहू मुलखातली. कोऱ्हाळ्याच्या महिपती लोहाराशी तिचं लग्न झालं आणि १९३५ साली दोघं इंदापूर तालुक्यात नीरेकाठी आली. तिथल्या साखर कारखान्याच्या मळ्यावर महिपतीला पंपाचं काम मिळालं होतं.

वर्षाच्या आतच तिनं नवऱ्याला विजेनं फेकलेलं पाहिलं. तो खाली विहिरीत मोटार उघडून बसला होता. वर पत्र्याच्या खोलीत कुणीतरी काम झालं समजून मोटारीचा खटका वर केला. महिपती वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली ती झालीच. त्यानंतर दगडाबाई त्या खोलीच्या सावलीतूनसुद्धा जात नसे.

पुढं एका चैत्रात मोटार अडली. खटका वर केला की नुसती घुमायची, फिरायची नाही. मळ्यातल्या वांग्यांनी, दोडक्यांनी माना टाकल्या. महिपतीनं खटका पाडला, पंपाचा पट्टा काढून हातानं मोटारीचं चाक फिरवलं, तर ते गरकन फिरलं.

"हिच्यात खोट न्हाय. तिन्ही तारांची वीज पोचत न्हाय," तो म्हणाला आणि विहिरीच्या पायरीवर बसून राहिला. भाकरी घेऊन आलेल्या दगडाबाईला तो बधिर बोटं चोळताना दिसला.

"उतरा तुमी. खटक्यापाशी मी बसते."

"तू?"

"मग कोन?"

पदर खोचून ती खोलीत शिरली. महिपतीनं खालून हाक दिली तेव्हा तिनं डोळे मिटून खटका वर केला. त्यानं तारांना वीज तपासायचा दिवा लावून पाहिला. जोडाच्या पेटीत येताना तिन्ही तारा जिवंत, पेटीतून निघताना एक मेलेली. "पाड!" तो ओरडला. तिनं खटका पाडला आणि त्याला पाठ लावून बसली.

तेवढ्यात मळ्याचे साहेब आले. "बाई, सरका. चालू करून बघू."

"आत मानूस हाय, सायेब."

"अहो, कारखान्याचा खटका आहे तो!"

"खटका तुमचा. खालचं मानूस माजं हाय."

साहेबांनी वाकून विहिरीत पाहिलं. मग टोपी काढून ते बाहेरच्या दगडावर टेकले.

खाली पेटीतला तांब्याचा जोड जळून काळा पडला होता. महिपतीनं तो कानशीनं घासून लखलखीत केला, नट आवळला, पट्टा चढवला. "लाव!"

"आदी वर या. तोंड दिसंल तवा लावीन."

तो हसत वर आला, दोन्ही हात उंच करून. या खेपेला दगडाबाईनं डोळे उघडे ठेवून खटका वर केला. मोटार गरगरा फिरली, पट्टा फटफटला आणि पाइपातून पाणी धो धो पाटात पडलं. पहिली आरोळी साहेबांनीच ठोकली.

पाणी वांग्यांच्या वाफ्यांकडं धावलं. दगडाबाई लुगडं वर धरून पाटातून पाण्याच्या पुढं पुढं चालली होती, आणि शेजारच्या मळ्यातल्या बायांना ओरडून सांगत होती, "आमच्या मालकांनी चालू केली! आन् खटका म्या लावला!"