तासलेल्या बॅटीची धाव

लीलाबाई म्हस्के रोज सकाळी गर्दीच्या उलट्या दिशेने निघायच्या. फुलंब्रीहून दूधवाले, कॉलेजची मुलं, कंपनीतले कामगार शहराकडे येत, आणि लीलाबाई शहरातल्या हडको वसाहतीतल्या दोन खोल्यांना कुलूप लावून रिकाम्या एसटीने फुलंब्रीला जात. तिथल्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. अंगाने दणकट, आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा, आणि राग नाकावर. हा राग पाचोडच्या वडिलांचा, असं त्या स्वतःच सांगत. वडील तिथल्या बाजारात बैलांचे व्यापारी होते. ठरलेल्या सौद्यावर गिऱ्हाईक पुन्हा घासाघीस करू लागलं, की ते बैल सोडून घरी निघत; मग गिऱ्हाइकाने वेशीपर्यंत मागे धावत येऊन कितीही हात जोडले तरी व्यवहार होत नसे.

बेसबॉल त्यांच्याकडे योगायोगाने आला. कबड्डी आणि खो-खोत जिल्ह्यात संघांची गर्दी होती, फुलंब्रीच्या मुलींचा नंबर लागत नव्हता. मुख्याध्यापकांनी बाईंना शहरातल्या शिबिराला पाठवलं. त्या एक ॲल्युमिनियमची बॅट, दोन हातमोजे आणि नियमांच्या झेरॉक्स घेऊन परत आल्या. बसस्टँडवर सर्जेराव चहावाल्याने बॅट पाहून विचारलं, "बाई, ह्ये धोपटणं कशाचं? पाणी तर नाय धुवायला."

"तुझ्या पाठीचं," बाई म्हणाल्या, आणि स्टँडवर हशा झाला.

तेव्हा साऱ्या जिल्ह्यात मोजक्याच बॅटी होत्या. म्हणून एक पद्धत पडली. सामन्याआधी दोन्ही संघांनी आपल्या बॅटी फक्कीच्या पांढऱ्या रेघेवर ओळीने मांडायच्या आणि ज्या मुलीला जी हवी ती तिने उचलायची. बॅट कुणाची हे विचारायचं नाही. याला सगळे पंगत म्हणत. पुढे बॅटी वाढल्या, पंगत राहिली. नियमांच्या पुस्तकात तिचा उल्लेख नव्हता, पण लीलाबाईंना ती पुस्तकापेक्षा मोठी वाटे. गरीब संघाला हरवायचं असेल तर खेळून हरवा, सामानाने हरवू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पंगतीत आलेली बॅट कुणी तपासत नसे. तपासणं म्हणजे मांडणाऱ्यावर संशय घेणं.

२०१३चा दुष्काळ आला तेव्हा फुलंब्रीच्या मैदानाला भेगा पडल्या होत्या. घसरत बेसचा टप्पा गाठायला शिकवणं बाईंनी बंद केलं, कारण मुलींचे गुडघे सोलून निघत आणि जखम धुवायलाही पाणी मोजून घ्यावं लागे. शहरात नळ चार-चार दिवस कोरडे राहत. तरीही बीड बायपासला नव्या इमारती उठत होत्या, आणि त्यांच्यामध्ये विश्वजित देशपांडे यांची क्रीडा अकादमी उभी राहिली. विश्वजित इंजिनिअर. पुण्यात नोकरी करून परत आलेला, बोलायला गोड. अकादमीला लागून कॉलेज होतं आणि मैदानावर हिरवळ. त्या उन्हाळ्यात ती हिरवळ कुठल्या पाण्यावर टिकली, हे विचारायला कुणी गेलं नाही.

आमरीन लीलाबाईंची सगळ्यात चांगली खेळाडू. तिचे वडील कमरोद्दीन यांचं फुलंब्रीत शिलाईचं दुकान होतं. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, राज्याच्या संघात नाव आलं तर पोरगी शहरात कॉलेजला जाईल, मी स्वतः सोडून येईन. नाही आलं तर दुकानात मशीन रिकामी आहे." बोलणं कडक होतं, पण माणूस लबाड नव्हता. जिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना जिंकणाऱ्या संघातूनच राज्याच्या संघाची नावं निघणार होती. म्हणजे त्या सामन्यात आमरीनचं कॉलेज होतं.

सामना शहरात, सिडकोतल्या एका मैदानावर होता. एका बाजूला अर्धवट इमारत, दुसऱ्या बाजूला टँकर भरायची रांग. मैदानावर शिंपडायला पाणी नव्हतं; प्रत्येक धावेसरशी धुरळा उठे. अंपायर अनंतराव जोशी. कचेरीतून निवृत्त झालेले, नियम तोंडपाठ, आवाज हळू. कुणाशी वाकडं नको अशा स्वभावाचे.

अंतिम सामन्यात समोर आलेल्या विश्वजितच्या संघाने पंगतीत एक काळी बॅट मांडली. धातूची नव्हे, कंपोझिट. कार्बनच्या धाग्यांचे थर एकावर एक चिकटवून केलेली.

"बाई, अमेरिकेहून आणलीय," विश्वजित म्हणाला. "तुमच्या पद्धतीप्रमाणे सगळ्यांसाठी मांडलीय हं. तुमच्या मुलींनीही वापरावी."

लीलाबाईंना बरं वाटलं. शहरातला माणूस पंगत पाळतो आहे.

पहिल्याच डावात त्या बॅटीवरून चेंडू निघाला तेव्हा त्यांना खटकलं. आवाज पोकळ होता आणि चेंडू फार वेगाने सुटला. अशा बॅटीच्या टोकाचं टोपण काढून आतली भिंत तासून पातळ करतात, म्हणजे ती गलोलीसारखी चेंडू फेकते, हे त्यांनी ऐकलं होतं. ते नियमाविरुद्ध तर आहेच, पण समोर उभ्या, चेंडू टाकणाऱ्या पिचरला डोळे मिटायलाही वेळ मिळत नाही. बाई दोनदा रेघेपर्यंत गेल्या आणि दोनदा परत आल्या. बॅट उचलून टोपण बघायला हात धजेना. पंगतीत तसं कुणी करत नसे.

अकादमीच्या मुलींनी त्याच बॅटीने धावा काढल्या. फुलंब्रीच्या मुली सवयीने आपल्या पोचे पडलेल्या ॲल्युमिनियमच्या बॅटी उचलत राहिल्या. शेवटचा डाव आला तेव्हा फुलंब्री एका धावेने मागे होती. डावातल्या तीन बळींपैकी एक खेळाडू बाद झालेली, दोघी बेसवर उभ्या, आणि बॅटिंगला आमरीन.

तिने रेघेवरून काळी बॅट उचलली.

"आमरीन, आपली घे," बाई ओरडल्या.

"कायकू? पंगतीतली हाय ना बाई!"

चेंडू निघाला तो सरळ पिचरच्या अंगावर. अकादमीची पिचर सावनी. तिने मान वळवली म्हणून चेंडू कानाजवळून गेला आणि कुंपणाला जाऊन आदळला. बेसवरच्या दोघी शेवटच्या होम बेसला पोचल्या, दोन धावा झाल्या. फुलंब्री जिंकली. मुली एकमेकींवर कोसळल्या, आणि कुंपणापाशी उभ्या कमरोद्दीननी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

तेवढ्यात विश्वजित हात वर करून मैदानात आला. "अपील! सर, बॅट तपासा. माझ्या मते बॅटमध्ये फेरफार आहे. नियमाप्रमाणे बॅटर बाद, आणि या मोसमापुरती निलंबित."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग लीलाबाईंना त्याचा कावा कळला, आणि त्यांचं डोकं तापलं.

"बॅट कुणाची?"

"बॅट कुणाचीही असो," विश्वजित शांतपणे म्हणाला. "हातात होती तिची जबाबदारी."

"तुझी बॅट. तू मांडली. तुझ्या पोरींनी सगळा वेळ तीच हाणली. तेव्हा तुला फेरफार दिसला नाही, व्हय रे?"

"तेव्हा शंका आली नाही. आत्ता आवाज वेगळा वाटला."

अनंतराव नियम सांगू लागले. "बाई, अपील पुढच्या चेंडूच्या आत करावं लागतं. आधीच्या फटक्यांवर कुणी केलं नाही. त्यामुळे त्या धावा..."

"त्या धावा राहणार, आन आमच्या जाणार? ह्याला न्याय म्हणता तुम्ही, अनंतराव? आधी टोपण काढा. आत काय केलंय बघू द्या समद्यांना."

"नको, नको," विश्वजित घाईने म्हणाला. "महागाची वस्तू आहे. माझी नुसती शंका आहे."

सावनी अजून कान धरून उभी होती. रडवेली आणि संतापलेली. "सर, शंका काय? ही तीच ना, वाळूजच्या कारखान्यातून आतून तासून आणलेली? तुम्हीच म्हणाला होतात, आपल्याला चेंडू लागणार नाही, आपण फक्त मारायचं. मला लागला असता ना आत्ता!"

टँकरच्या रांगेतल्या बायकाही बघू लागल्या.

विश्वजितचा चेहरा पडला, पण क्षणभरच. तो हसला. "चिडलीय ती. जाऊ द्या, बाई. उगाच वाद नको. मी अपील मागे घेतो. मोजा तुमच्या धावा. तुम्ही जिंकलात."

अनंतरावांनी सुटकेचा श्वास टाकला. "उत्तम. म्हणजे प्रश्नच मिटला."

प्रश्न खरंच मिटला असता. फुलंब्री विजेती, आमरीन राज्याच्या संघात, कॉलेज. लीलाबाईंनी फक्त मान हलवायची होती. पण ज्याने लबाडी केली तोच आता हात झटकून, उपकार केल्यासारखा, त्यांची धाव त्यांना देत होता.

"मिटला नाय," त्या म्हणाल्या. "बॅट तासलेली हाय, समद्यांनी ऐकलं. तिच्या समद्या धावा पुसा. त्यांच्याबी अन आमच्याबी."

"आधीच्या मला पुसता येत नाहीत," अनंतराव म्हणाले. "नियम तसा आहे."

"मग माझ्या हातात काय हाय?"

"हा शेवटचा फटका. तुम्ही स्वतः सोडलात तर पुन्हा खेळवता येईल. पण बाई, कशाला? तुम्ही जिंकलाय. घरी जा."

मागून मुलींचा आवाज आला, "बाई, नको! बाई!" आमरीन बाईंच्या तोंडाकडे बघत होती.

"सोडला," लीलाबाई म्हणाल्या. "ह्या बॅटीची धाव फुलंब्रीला नको. पुन्हा खेळवा. आन त्या बॅटीला माझ्या पोरींचा हात लागायचा नाय."

विश्वजितने भुवया उंचावल्या. कुणी इतकं सोपं करून देईल असं त्याला वाटलं नव्हतं.

दोघी बेसवर परत गेल्या. आमरीनने पोचे पडलेली बॅट उचलली. तिने जोरात फटका मारला, पण चेंडू उंच उडाला आणि थेट झेलात गेला. पुढची मुलगीही बाद झाली. फुलंब्री एका धावेने हरली. त्या एका धावेचा हिशोब काळ्या बॅटीनेच झाला होता, हे मैदानावरच्या प्रत्येकाला माहीत होतं.

बक्षीस समारंभ उरकला. राज्याच्या संघाची नावं वाचली, त्यात अकादमीच्या मुली होत्या, आमरीन नव्हती. कमरोद्दीन लीलाबाईंपाशी आले. ते रागावले असते तर बाईंना सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "बाई, आपने ठीक किया होगा. मला खेळातलं कळत नाय." आणि स्कूटर काढून निघून गेले.

मुलींना गावी सोडायला बाई परतीच्या काळ्या-पिवळी जीपमध्ये बसल्या; आमरीन पुढे, ड्रायव्हरशेजारी बसली. वाटेत चौक्याच्या घाटात बाईंनीच विचारलं, "बोल ना गं. शिव्या घाल पाहिजे तर."

"शिव्या कायकू? एक विचारू?" ती मागे न वळता म्हणाली. "तो फटका तुम्ही खरेपणासाठी सोडला का रागासाठी?"

"दोन्हीसाठी."

"खरेपणा असता तर पहिल्या इनिंगला टोपण काढून बघितलं असतं तुम्ही. तुम्हाला आवाज समजला व्हता. मी बघितलं ना, दोनदा रेघेपर्यंत जाऊन आल्या. तेव्हा पंगतीची लाज वाटली तुम्हाला. आन शेवटाला त्यानं भीक घातल्यासारखी धाव दिली, ते सहन नाय झालं. राग तुमचा व्हता, बाई. धाव माझी व्हती."

गाडीतल्या बाकीच्या मुली खिडकीबाहेर बघू लागल्या.

त्यांनी तक्रार केली. जिल्हा बेसबॉल संघटनेच्या बैठकीला त्या स्वतः गेल्या, टेबलावर हात आपटून बोलल्या. विश्वजितला समज देण्यात आली. बॅट जप्त करायचं ठरलं, पण ती हरवल्याचं त्याने सांगितलं. सावनीला अकादमीतून काढलं. निकालात बदल झाला नाही. बैठक संपल्यावर विश्वजितने बाईंसाठी दार धरलं आणि म्हणाला, "बाई, तुमच्यासारखी माणसं खेळाला हवीत."

"तुझ्यासारखी नकोत," बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडल्या.

जूनमध्ये आमरीन शाळेत आली. दाखला न्यायला. अकादमीच्या कॉलेजमध्ये तिला खेळाडू म्हणून प्रवेश मिळाला होता, वसतिगृहासकट. विश्वजित स्वतः कमरोद्दीनच्या दुकानात जाऊन बोलणं करून आला होता. लीलाबाई कार्यालयाच्या पायरीवर उभ्या होत्या.

"त्याच्याकडं जातीस?"

"कॉलेजला जाते, बाई."

"माणूस कसा हाय ते बघितलंस ना तू?"

"बघितलं. म्हणून तर त्याच्याकडून काय घ्यायचं अन काय नाय, ते मला ठाव हाय." तिने दाखला पिशवीत ठेवला. "तुमच्याकडून हरायला शिकले, बाई. ते पुरं झालं."

लीलाबाईंच्या तोंडाशी आलं, जा, पुन्हा तोंड दाखवू नको. वडिलांनी हेच म्हटलं असतं, बैल सोडून. त्या तिथेच उभ्या राहिल्या, हात कमरेवर, संतापाने कान लाल. राग आमरीनवर होता, विश्वजितवर होता, अनंतरावांच्या हळू आवाजावर होता, आणि स्वतःवर सगळ्यात जास्त.

"एक ऐक," अखेर त्या म्हणाल्या. आवाज चढलेलाच होता. "तिथं पिचिंगला उभं करतील तुला. सावनीची जागा रिकामी हाय. समोरच्याच्या हातातली बॅट आधी तू तपासायची. टोपण हलवून बघायचं. कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे. कळलं का?"

"कळलं."

"मग जा. साडेदहाची गाडी चुकंल."