तळाची वाळू

सडक्या अंड्याचा वास आला की मला यवतमाळच्या घरातला खाऱ्या पाण्याचा फिशटँक आठवतो. त्याच्या तळाशी वीतभर वाळू होती. ती ढवळली की खालचा विषारी वायू पाण्यात मिसळतो, म्हणून तिला हात लावू नका, असं मी घरात सगळ्यांना बजावलं होतं. एकदा वणीहून परतलो तर घरभर तोच वास, पाणी काळं आणि दोन्ही मासे उलटे तरंगत होते. पाहुणे आलेले सासरे झारा हातात घेऊन उभे होते. "जवाईबापू, किती घाण बसली होती खालतं. म्या सारी उकरून काढली." मी कसंबसं म्हटलं, "मामाजी, ती वाळू हलवायची नव्हती." ते म्हणाले, "मंग मले काहून नाही सांगितलं?" बायको म्हणाली, "सकाळीच तर सांगितलं होतं, बाबा." आजही मला त्यांच्यापेक्षा माझाच राग येतो, कारण त्यानंतर मी त्यांना चहा विचारला.