नव्या गुरुजींचा सत्कार

पुणतांब्याजवळच्या वस्तीवरल्या शाळेत रुमानाबाई एकट्या. पहिली ते चौथी, चारही वर्ग त्यांच्याच गळ्यात. पहिलीला गिरवायला बसवावं तर चौथीचे भागाकारावरून भांडतात. चौथीकडे वळावं तर पहिलीतलं कुणीतरी चड्डी ओली करून बसलेलं. घसा बसलेला, गुडघे कुरकुरायला लागलेले. दुसरा शिक्षक द्या म्हणून त्यांनी शिक्षण कार्यालयाचे उंबरे झिजवले. या महिन्यात एक जण नक्की देतो, असं साहेब शेवटी म्हणाले होते. बाई त्या आशेवरच उभ्या होत्या बघा.

तेवढ्यात वरून फर्मान आलं: मुलांना बोलणाऱ्या यंत्राची ओळख करून द्या, फोटो पाठवा. बाईंनी दमल्या आवाजात मुलांना सांगितलं, "उद्या एक नवीन जण शिकवायला येणार. काहीही विचारा, उत्तर देतो. चिडत नाही." पोरांनी ते घरोघर पोचवलं. झालं!

सकाळी शाळा समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब शाल-नारळ घेऊन हजर. वस्तीवरल्या छबूबाई गुरुजींसाठी पोळ्यांचा डबा घेऊन आलेल्या.

"नवं गुरुजी कुठं हायत?" आप्पासाहेबांनी विचारलं.

बाईंनी टेबलावरचा मोबाईल दाखवला. बोलणारं यंत्र त्यातच होतं.

"अगं बया! ह्यो?" छबूबाईंनी डबा पदराखाली घेतला. "ह्यो काय पोरांची शेंबडी नाकं पुसनार हाय?"

चौथीतल्या ओमनं मोबाईललाच विचारलं, "तुमी रोज येनार का?"

"मला प्रत्यक्ष येता येत नाही," मोबाईल गोड आवाजात म्हणाला, "पण तुमच्या प्रश्नांची उत्तरं मी आनंदानं देईन."

"मंग काय उपेग!" छबूबाई म्हणाल्या.

पण आणलेला नारळ माघारी कसा न्यायचा? आप्पासाहेबांनी मोबाईल खुर्चीत बसवला, शाल पांघरली, कुंकवाचं बोट लावलं. टाळ्या पडल्या. बाईंना कितीतरी दिवसांनी हसू फुटलं. आप्पासाहेबांनी आपल्या फोनवर फोटो काढून खाली लिहिलं, 'नवीन गुरुजींचे हार्दिक स्वागत,' आणि तो बाईंना पाठवला. ती ओळ बदलायचंही त्राण बाईंच्यात नव्हतं. आहे तसाच त्यांनी तो वर धाडला.

दुपारी साहेबांचा फोन.

"वा, मॅडम! गावानं स्वीकारलं की! तुमची सोय झाली. ते दुसरे शिक्षक मी पलीकडच्या वस्तीला दिले. तिथं रेंजच नाही हो."

"अहो साहेब, तो नुसता मोबाईल आहे!"

"तेच तर! ना रजा, ना बदली." फोन बंद.

बाईंना रडू आलं, संतापही आला. पण दोन्हीला सवड कुठली? पहिलीतली मोनिका पोट धरून समोर उभी होती.

"बाई, मला उलटी झाली."

बाई बादली आणायला उठल्या.